अ‍ॅलिस्टर प्रॅटची रायफल

"हा बोल्ट या रायफलचा नाही," हेलन म्हणाली.

टौरंगाच्या हौशी बंदूक-संग्राहकांच्या क्लबात रविवारची दुपार होती. लांब टेबलावर जुन्या लष्करी रायफली मांडल्या होत्या. देवव्रत साठ्येने नुकतीच घेतलेली पॉइंट थ्री-नॉट-थ्री आज पहिल्यांदाच सगळ्यांसमोर आली होती. क्लबची अध्यक्ष हेलन ती कौतुकाने उलटीपालटी करत होती.

"रायफलवर एक नंबर आहे, बोल्टच्या दांडीवर दुसराच. कुणी तरी बदललाय."

देवव्रतचे कान तापले. बोल्ट म्हणजे गोळी आत सरकवणारा भाग. तो मूळचा असला, दोन्ही नंबर जुळले, तरच अशा रायफलीला संग्राहकांत मान. नाही तर ती नुसती जुनी बंदूक.

ती त्याला विकली होती अ‍ॅलिस्टर प्रॅट यांनी. जवळच्या कातिकाती गावाकडचे म्हातारे मेंढपाळ, क्लबचे सर्वांत जुने सभासद. युद्धानंतर सैन्याने विकायला काढलेल्या मालातून त्यांच्या वडिलांनी ती घेतली होती. आता शेत विकून प्रॅट रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, राहायला जाणार होते, म्हणून रायफलही द्यायची होती. या क्षणी ते खिडकीपाशी चहाचा कप घेऊन बसले होते.

"मिस्टर प्रॅट," देवव्रत मोठ्याने म्हणाला, "नंबर जुळतात असं तुम्ही मला सांगितलं होतं."

"जुळतात," प्रॅट म्हणाले.

"मग हे काय आहे? तुम्ही मला फसवलंत. मी नवखा आहे, बाहेरून आलेला आहे, याला काय कळतंय, असं वाटलं ना तुम्हाला?"

कप खिडकीत ठेवून प्रॅट उठले, काठी घेतली आणि निघून गेले. त्यांच्यामागे कुणीही गेलं नाही.

घरी आल्यावर देवव्रतने सगळा प्रकार बायकोला, इरावतीला सांगितला. तिची मोठी बहीण विनया तेव्हा त्यांच्याकडे राहायला आली होती. मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिची उभी हयात गेलेली. ती भाजी निवडता निवडता ऐकत होती.

तेवढ्यात मकरंदचा फोन आला. मकरंद हा देवव्रतचा पुण्यापासूनचा मित्र, अल्बनीला राहून आयटीत काम करत होता. त्याच्याकडेही बंदुकीचं लायसन्स होतं आणि अशा चार-पाच रायफली होत्या. देवव्रतने फोन स्पीकरवर टाकला.

"अरे, क्लबमध्ये कळलं, बोल्ट भलताच निघाला. नंबरच जुळत नाही."

"ऐकून वाईट वाटलं," मकरंद म्हणाला. "म्हाताऱ्याने टोपी घातली तुला. हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. इशापूरचा बोल्ट घातलेली रायफल आता कोण घेणार? मी घेतो. पडेल त्या भावात दे, तुझी ब्याद जाईल."

"ये शनिवारी," देवव्रत वैतागून म्हणाला.

फोन ठेवल्यावर विनयाने हात धुतले. "देवव्रत, ती रायफल बघू दे मला. माझ्याकडे लायसन्स नाही, तेव्हा तू समोर थांब, हात मी तुझ्या देखतच लावते."

त्याने रायफल कपाटातून काढली. बोल्ट नियमाप्रमाणे वेगळ्या कुलपाच्या पेटीत होता, देवव्रतच्या एका जुन्या सुती मोज्यात घालून ठेवलेला. विनयाने दोन्ही वस्तू नाकाशी नेल्या, मग फडक्याने बोल्टच्या खालचं काळं वंगण खरवडून पुसलं.

"घेतलीस त्या दिवशी तू प्रॅटकडे काय काय पाहिलंस?"

"त्यांनी दाखवली. शेडमध्ये."

"नंबर?"

"ते म्हणाले, दोन्ही नंबर जुळतात, बघून घे."

"मग तू बघितलेस?"

देवव्रतने पेटीचं कुलूप उगाच उघडून पुन्हा लावलं.

"बघितलेस का, असं विचारलं मी."

"चष्मा गाडीत राहिला होता," तो हळू आवाजात म्हणाला. "ते मला जाणकार समजून बोलत होते. मी मान डोलावली."

इरावतीने त्याच्याकडे पाहिलं. हे तिलाही नवीन होतं. देवव्रत भूलतज्ज्ञ होता. ऑपरेशनआधी औषधाच्या बाटलीवरचं लेबल तीनदा वाचणारा माणूस. त्याची नजर जमिनीवरून उठेना.

"घरी आणलीस तेव्हा हाताला वास कसला येत होता?"

"मेंढ्यांचा," इरावतीच म्हणाली. "मी याला दोनदा हात धुवायला लावले. प्रॅट आजोबा म्हणे लोकरीचं मेण चोळतात सगळ्या लोखंडाला. गंज चढत नाही त्याने."

"आणि मग बोल्ट या मोज्यात घातला. तो पुन्हा कधी काढलास?"

"क्लबमध्ये. हो, आणि त्याआधी मकरंद बघायला आला होता तेव्हा."

"तेव्हा तू सतत समोर होतास?"

देवव्रतला ती दुपार आठवली. हॉस्पिटलचा फोन आला होता. कपाट आणि पेटी उघडीच टाकून तो अंगणात बोलायला गेला होता. मित्रच तर होता आत. लायसन्सवालाही होता.

"नव्हतो," तो म्हणाला.

विनयाने मान हलवली. "शनिवारी त्याला येऊ दे."

मकरंद शनिवारी सकाळी रायफलीची लांब पेटी घेऊनच आला. चहा झाला. विनयाने बोल्ट आणि मोजा ट्रेमध्ये ठेवून समोर आणला.

"मकरंद, हा बोल्ट तुम्ही कधी हाताळलात?"

"मागे आलो होतो तेव्हा. पाहिला आणि ठेवला."

"आणि तो हाच होता?"

"असणारच. म्हाताऱ्याने जो दिला तोच."

"मग रविवारी फोनवर तो इशापूरचा आहे असं तुम्ही म्हणालात. ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"देवनेच सांगितलं."

"मी नाही सांगितलं," देवव्रत म्हणाला. "मला माहीतच नव्हतं. मी फक्त नंबर जुळत नाही एवढंच म्हणालो."

"मग क्लबातलं कुणी तरी बोललं असेल."

"क्लबात कुणाला दिसणं शक्य नव्हतं," विनया म्हणाली. "इशापूरच्या कारखान्याची खूण बोल्टच्या खालच्या बाजूला आहे, जाड वंगणाखाली. ते वंगण मी तुमचा फोन झाल्यावर पुसलं. त्याआधी ती खूण फक्त बोल्टच्या मालकाला माहीत होती."

मकरंदने चहाचा रिकामा कप पुन्हा ओठाला लावला.

"ही रायफल हुंगून पाहा. लाकूड, पट्टा, नळी, सगळीकडे मेंढीचा वास. एकट्या बोल्टला बाजारातल्या तेलाचा. मला वाटलं, प्रॅटनी विकतानाच बदलला असेल. पण मग हा मोजा पाहिला. सुती आहे, देवव्रतचा. प्रॅटच्या घरी तो कधी गेलाच नाही. त्याच्या आत पिवळट चिकट डाग आहे आणि त्याला लोकरीच्या मेणाचा वास आहे. म्हणजे मेण चोळलेला खरा बोल्ट या घरात आला, या मोज्यात राहिला आणि इथूनच गेला. मधल्या काळात पेटीपाशी एकटे फक्त तुम्ही होतात."

"पण का?" देवव्रतने विचारलं. "त्या बोल्टचा तुला काय उपयोग? तो दुसऱ्या कुठल्याच रायफलीशी जुळणार नाही."

"म्हणून तर त्याला रायफलही हवी होती," विनया म्हणाली. "बोल्ट बदलला की तिचा मान गेला. तू चिडून ती काढून टाकणार, हा फुकटात नेल्यासारखी नेणार आणि घरी दोघांची गाठ घालून देणार."

मकरंदने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मी आधी गेलो होतो त्यांच्याकडे. घासाघीस केली म्हणून मला दारातूनच परत पाठवलं. आणि तुला दिली. तुला त्यातलं काही कळत नाही, देव. तुझ्याकडे ती नुसती पडून राहिली असती."

"बोल्ट कुठे आहे?"

"अल्बनीला. कपाटात. मी आणून देतो. पोलिसांना नको सांगूस. तुझीसुद्धा चौकशी होईल. पेटी तूच उघडी टाकली होतीस."

"हो, मीच टाकली होती," देवव्रत म्हणाला आणि त्याने पोलिसांचा १०५ नंबर लावला.

बोल्ट पोलिसांनी अल्बनीहून आणला. देवव्रतची चौकशी झाली, कपाट तपासलं गेलं, त्याला लेखी समज मिळाली. एवढं सगळं झाल्यावर तो प्रॅटना भेटायला रेस्ट होममध्ये गेला. वाटेत त्याने वाक्यं जुळवली होती. त्यांच्यासमोर उभा राहिल्यावर त्यातलं एकही नीट आलं नाही.

प्रॅटनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं.

"हे मला सांगून काय होणार?" ते म्हणाले. "मी काही केलं नव्हतं हे मला ठाऊकच होतं. त्या लोकांना नव्हतं. चाळीस वर्षं त्यांच्यात बसलो, आणि त्या दिवशी माझ्यामागे दारापर्यंत कुणी आलं नाही."

"तुम्ही पुढच्या रविवारी चला. मी न्यायला येतो. सगळ्यांसमोर सांगतो."

"मी येणार नाही. मी समोर बसलो तर तुला सोपं जाईल."

रविवारी देवव्रत त्याच टेबलापाशी उभा राहिला. मित्राने बोल्ट बदलला हे त्याने सांगितलं. तिथेच थांबता आलं असतं. पण नंबर आपण वाचलेच नव्हते, चष्मा नसताना जाणकार असल्यासारखी मान डोलावली होती, आणि ते लपवायचं म्हणून एका म्हाताऱ्या माणसावर ओरडलो, हेही त्याने सांगितलं. 'बाहेरून आलेला' हे शब्दही मुद्दाम चिकटवले होते, म्हणजे कुणी उलटून बोलणार नाही. हे वाक्य म्हणताना त्याचा आवाज इतका खाली गेला की मागच्या रांगेतल्या एकाने पुन्हा सांगायला लावलं. त्याने पुन्हा सांगितलं.

काही जण त्याच्याकडे पाहत होते, काही जण आपल्या हातांकडे.

सभा संपल्यावर माणसं पांगली. देवव्रत कोपऱ्यात उभा होता. जावं की थांबावं, त्याला कळत नव्हतं. हेलन एकटीच लांब टेबल उचलायला लागली.

"तिकडची बाजू धर," ती म्हणाली.

त्याने धरली. दोघांनी टेबल भिंतीशी नेलं.

"अ‍ॅलिस्टर कुठल्या होममध्ये आहे?"

त्याने सांगितलं. हेलनने दारात रेंगाळलेल्या तिघा-चौघांना हाक मारली. "माझ्या गाडीत जागा आहे. आपण आत्ताच जाऊन येऊ. त्या दिवशीच जायला हवं होतं."

ते निघाले. देवव्रतला कुणी चल म्हणालं नाही. तो खुर्च्या एकावर एक रचत राहिला.