चूक फिरत होती

"ता मांडयेर घेवन किती वेळ बसतलास? हयसर ठेवा..."

कसालच्या स्टँडवरून कुडाळला निघालेल्या एसटीत माझ्या मांडीवर कॉम्प्युटरचा जुना डबा होता, आणि शेजारचा मुलगा स्वतःची बॅग पायाखाली सरकवून त्याच्यासाठी जागा करत होता.

"नको, धक्को बसतलो," मी म्हटलं.

"दुरुस्तीक नेलेलो?"

"होय. ते म्हणाले, काय्येक बिघडूक नाय. म्हणजे माझाच कायतरी चुकता."

मी विनीता. वेंगुर्ल्यातल्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. शाळेतली जुनी यंत्रं नव्या सिस्टीमच्या ओझ्याने रडतखडत चालायची, आणि सुट्टी संपली की ती भंगारात जाणार होती. मी मोठ्या तोंडाने सांगून बसले होते की त्यांच्यापुरतं हलकंफुलकं लिनक्स मी बांधते, अगदी सोर्स कोडपासून. त्यातली पहिली पायरी टूलचेनची, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बनवणाऱ्या अवजारांची. जुन्या कम्पायलरकडून नवा कम्पायलर, लिंकर आणि मूळ लायब्ररी घडवून घ्यायची, मग पुढचं सगळं त्या नव्या अवजारांनी उभं करायचं. मी त्या पहिल्या पायरीवरच अडकले होते.

एका अनोळखी मुलाला हे सगळं मी का सांगत सुटले, देव जाणे. तो मात्र ऐकत होता. देवेश त्याचं नाव, दोडामार्गचा. गोव्यातल्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळायचा. खिडकीतून पिकलेल्या काजूबोंडांचा आंबूस वास येत होता.

"एक इचारू?" तो म्हणाला. "कम्पायलर दर खेपेक एकाच जागेर पडता, की येगळ्या?"

"येगळ्या. कमांड तीच, कोड तोच... तरी कधी हय, कधी थंय."

तो हसला. "मगे ती तुमची चूक नाय."

"कशावरून?"

"आपली चूक एका जागेर रवता. ही फिरता. मेमरी खराब आसतली."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. डोळे का भरून आले, मलाच कळेना. 'तुझी चूक नाही' — इतक्या दिवसांत हे कुणी म्हटलंच नव्हतं. मी स्वतःलाही नाही.

कुडाळला त्याची गाडी वेगळी होती. पण तो डबा उचलून वेंगुर्ल्याच्या गाडीकडे चालू लागला.

"आणि दोडामार्ग?"

"ता खंय पळान जाता?"

घरी आईने त्याच्यापुढे कोकम सरबत ठेवलं. त्याने डबा उघडून मेमरीच्या पट्ट्या काढल्या. खाऱ्या हवेने त्यांच्या सोनेरी कडा काळवंडल्या होत्या. त्याने त्या खोडरबराने हळुवार घासल्या. तपासणीत एक पट्टी तरीही नापास झाली, ती त्याने बाजूला काढली. मी पुन्हा बांधायला घेतलं... आणि पुन्हा एरर! परत चालवलं — तीच एरर, त्याच जागी.

"एकाच जागेर!" मी टाळ्याच वाजवल्या.

"एरर बघून इतको खूश होणारो माणूस मी पयल्यांदाच बघतंय," तो म्हणाला.

"आता ही माझी. तुमी सरबत पिया."

मी एकेक सेटिंग तपासत गेले. कधीतरी मीच लिहून विसरलेली एक ओळ सापडली. लायब्ररी आधी जुन्या सिस्टीममध्ये शोधायची, असं ती सांगत होती. ती ओळ पुसली, सोर्स नव्याने उलगडला आणि सुरुवातीपासून बांधलं. यावेळी कुठेच अडलं नाही. एक इटुकला प्रोग्राम करून पाहिला, तर तो नव्या लायब्ररीशीच जोडला गेला होता!

मी वळून पाहिलं. देवेश स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे बघत होता. सरबत तसंच होतं.

मग तो रविवारी येऊ लागला. कधी केळी घेऊन, कधी नुसताच. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, आठवत नाही. शाळा उघडली त्या दिवशी सगळी यंत्रं माझ्या लिनक्सवर सुरू झाली, आणि मुलांचा गलका ऐकून मला पहिल्यांदा त्याचीच आठवण आली.

संध्याकाळी त्याला जेट्टीवर बोलावलं. पावसाने उघडीप दिली होती, वल्ह्याच्या छोट्या होड्या लागल्या होत्या, बांगड्याचा लिलाव रंगात आला होता.

"देवेश, तू नसतंस तर..."

"आभार मानूचे नाय हां."

"आभार नाय रे. म्हणजे, आसतच. जलमभर आसतले. पण..." मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "माका तू आवडतस."

"काय? आयकाक नाय इला."

"माका तू आवडतस!" मी ओरडले — आणि नेमका त्याच क्षणी लिलाव थांबला.

सगळी जेट्टी आमच्याकडे वळली. देवेश कानापर्यंत लाल. त्याने माझा हात धरला, अगदी हलकेच, आणि पुटपुटला, "माका पण..."

मासे विकणारी हौसाबाई टोपलीमागून कडाडली, "मोठ्यान सांग रे झिला! आमकापण आयकूंदे!"

आणि देवेशने सांगितलं. मोठ्याने.