रेगचा झाकलेला ग्लास

गुरुवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना लायोनेल क्रॅब्ट्रीने 'ग्राइंडर्स रेस्ट' या पबचं दार खांद्याने ढकललं. उजव्या हातात काठी होती, डाव्या गुडघ्यात सहा आठवड्यांपूर्वी बसवलेला धातूचा सांधा होता आणि डोक्यात राग होता. राग साधाच होता. सहा आठवड्यांत त्याला बघायला ना दवाखान्यात कुणी आलं होतं, ना घरी. साधा फोनही नाही. तीस वर्षं दर गुरुवारी ज्यांच्या मांडीला मांडी लावून बसला, त्यांनी असं करावं! त्यांतला विल्फ तर म्हणाला होता, "द्राक्षं घेऊन येतो, अर्धी मीच खाईन." द्राक्षं राहिली, त्यांचा देठसुद्धा आला नव्हता.

आत सगळं जागच्या जागी होतं. शेगडीत कोळसे लाल झाले होते. ओल्या कोटांचा, सांडलेल्या बिअरचा आणि भट्टीतून येणारा भाजक्या कणकेचा वास एकमेकांत मिसळला होता. गुरुवार म्हणजे पाईचा दिवस. आत मांस-बटाटा, वर बोटभर जाड खुसखुशीत कवच, बाजूला वाटाण्याचा लगदा आणि वरून गडद रस्सा. शेफील्डमध्ये अशी पाई मिळणारी ठिकाणं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

"आला बघा मापाडी!" कोपऱ्यातून विल्फ ओरडला, मग गल्ल्यामागच्या बाईकडे वळला. "ग्लेनिस, ग्लास काठोकाठ भर गं बाई, नाहीतर दंड लावेल तो!"

लायोनेलचा राग जरा निवला. नगरपालिकेत चौतीस वर्षं वजनमापं तपासण्यात गेली होती. पाइंटच्या ग्लासात बिअर किती आणि फेस किती, हे तो लांबून सांगू शकत असे. निवृत्त झाल्यावर काम गेलं, हे नाव तेवढं राहिलं. चार वर्षांपूर्वी बायको गेली. तेव्हापासून त्याला कुणी नावाने हाक मारायचं ते फक्त इथेच, गुरुवारी, शेगडीजवळच्या उंच पाठीच्या खुर्चीत बसल्यावर. दवाखान्यात रात्र रात्र कळा यायच्या तेव्हा तो ती खुर्ची डोळ्यांसमोर आणत असे.

खुर्चीसमोर टेबलावर एक भरलेला ग्लास होता. त्याच्या तोंडावर पुठ्ठ्याची चकती झाकलेली होती.

"हा कुणाचा?" त्याने विचारलं.

"रेगचा," विल्फ म्हणाला. "आत्ताच बाहेर गेलाय. येईल."

"कोण रेग?"

विल्फशेजारी बसलेला ऑब्री फिसकन हसला. जन्मभर बस चालवून त्याचा आवाज घोगरा झाला होता. "कोण रेग म्हणे! गुडघ्याबरोबर डोकंही बदलून घेतलंस काय रे?"

"माझ्या जागेवर कोण बसलंय, एवढंच विचारतोय मी."

"स्टूल घे ना. इथे काय जागेचे कागद केलेत का कुणी?" ऑब्री म्हणाला.

लायोनेलने स्टूल ओढलं. स्टुलाला पाठ नव्हती. गुडघा लांब करायला जागा नव्हती. पण तो बसला, कारण ग्लासावर चकती होती. ग्लासावर चकती म्हणजे माणूस परत येणार आहे. तोवर ग्लासाला कुणी हात लावायचा नाही आणि खुर्चीवर कुणी बसायचं नाही. रिकामे ग्लास गोळा करायला येणारी ग्लेनिससुद्धा असा ग्लास सोडून पुढे जायची. एकदा एका कॉलेजच्या पोराने झाकलेला ग्लास नुसता सरकवला, तर लायोनेलनेच त्याला सगळ्यांसमोर झाडलं होतं.

तो आपला पाइंट पीत वाट पाहू लागला. दाराकडे पाहायचं, घड्याळाकडे पाहायचं, आणि मग त्या ग्लासाकडे.

सव्वाबारा वाजले. या बिअरचा फेस पाच मिनिटांत अर्ध्यावर येतो. हे त्याला ऐकून माहीत नव्हतं, हातात घड्याळ धरून त्याने ते शेकडो वेळा मोजलं होतं. या ग्लासातला फेस चकतीखाली बोटभर जाड, आत्ता ओतल्यासारखा उभा होता.

"दोघं येणार होतात दवाखान्यात," तो म्हणाला.

"अरे, रेग म्हणाला की तुला आराम हवाय," विल्फ म्हणाला. "म्हणाला, कशाला त्रास द्यायचा."

"मला ओळखतो तो?"

"म्हणजे काय!"

ग्लेनिस पाई घेऊन आली. चार ताटल्या होत्या. तीन त्यांच्यापुढे ठेवल्या, चौथी झाकलेल्या ग्लासाशेजारी. त्या चौथ्या ताटलीत पाईची कोपऱ्यातली, कडेला करपलेली फोड होती. तिथे भट्टीची आच जास्त लागायची. ती फोड ग्लेनिस वीस वर्षं लायोनेलसाठी बाजूला काढून ठेवत आली होती.

"ग्लेनिस, ती करपलेली माझी."

"ती होय? ती रेगची असते राजा," ती सहज म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर थोपटून गेली.

लायोनेलने समोरच्या मऊ फोडीत काटा खुपसला. एक घास खाल्ला. मान वर करून पाहिलं, तर झाकलेल्या ग्लासातली बिअर दोन बोटं खाली गेली होती.

चकती होती तशीच होती.

त्याने विल्फकडे पाहिलं. विल्फचे दोन्ही हात ताटलीवर होते. ऑब्री रुमालाने मिशी पुसत होता. लायोनेलने मनाशी हिशोब मांडला. फेस निवळला तर पातळी किती उतरते? फार तर अर्धं बोट. ग्लास चिरलाय का? टेबल कोरडं होतं. मग त्याची नजर ताटलीकडे गेली. करपलेल्या फोडीचा एक कोपरा मोडला होता आणि मोडलेल्या जागेतून वाफ येत होती. त्याची स्वतःची पाई केव्हाच कोमट झाली होती.

"काय चाललंय हे?" तो म्हणाला. "चेष्टा करताय का माझी? दोघं मिळून?"

"काय झालं?" ऑब्री म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

"आजारी माणसाची चेष्टा! लाज वाटत नाही?"

विल्फने घसा साफ केला आणि विषय बदलायला म्हणून तो ऑब्रीकडे वळला. "पुराचं आठवतं का रे? नदी चढली होती, तळघरात छातीभर पाणी. ग्लेनिसचा तो बहिरा कुत्रा पिंपांमागे अडकलेला. आणि आपला रेग कोट काढून सरळ पाण्यात!"

"वर आला तेव्हा थंडीने जांभळा पडला होता," ऑब्री म्हणाला. "आणि म्हणतो काय, पाणी बरोबर चार फूट दोन इंच आहे!"

दोघंही खदखदून हसले.

"मी गेलो होतो!" लायोनेल ताडकन उठला. स्टूल मागे पडलं. "मी! ते माझं वाक्य आहे! विल्फ, तूच मला तुझा सदरा दिला होतास घालायला!"

आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले. विल्फ ओशाळला होता. भर बाजारात एखादा अनोळखी माणूस आपल्यावर ओरडू लागला की माणूस ओशाळतो, तसा.

लायोनेल काठी टेकत भिंतीपाशी गेला. पुराच्या दिवशी वर्तमानपत्रवाल्याने काढलेला फोटो तिथे चौकटीत लावला होता. फोटोग्राफर म्हणाला होता, कुत्रा जरा खाली धरा साहेब, चेहरा दिसू द्या. त्याने खाली धरला होता. हे त्याला पक्कं आठवत होतं. पण चौकटीतल्या माणसाने ओला कुत्रा आपल्या तोंडासमोर धरला होता. कुत्र्याच्या कानांच्या वर त्या माणसाचे नुसते पांढरे केस दिसत होते. खाली छापलेली ओळ काचेच्या आतून ओल लागून विटली होती.

तो बराच वेळ तिथे उभा राहिला. मग परत आला. आता चौथ्या ताटलीत निम्मीच पाई उरली होती. ग्लासातली बिअर मात्र पुन्हा काठापर्यंत होती.

"अहो, बसा ना जरा," ऑब्री म्हणाला. "बरं वाटत नाही का तुम्हाला?"

"तुम्हाला?" लायोनेल म्हणाला. "ऑब्री, तुझ्या मुलीच्या लग्नात मी भाषण केलंय. तुम्हाला काय म्हणतोस मला?"

ऑब्रीने विल्फकडे पाहिलं. विल्फने हळूच मान हलवली. ग्लेनिस हात पुसत आली आणि मऊ आवाजात म्हणाली, "साहेब, घरी कुणाला फोन करू का? कुणी न्यायला येईल?"

त्या मऊ आवाजाने त्याच्या रागाला तोंड फुटलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण कीव? त्याच्याच टेबलावर, त्याच्याच माणसांकडून?

"कुठे आहे तो?" तो ओरडला. "पाऊण तास झाला! चकती ठेवून पाऊण तास कुणी बाहेर राहतं का? येत का नाही समोर?"

"येईल," विल्फ म्हणाला. "तुम्ही नका त्रास करून घेऊ."

"येईल काय? आहेच कुठे तो!"

त्याने हात लांब केला आणि ग्लासावरची चकती उचलली.

टेबलाभोवतीची बोलणी थांबली. मग शेजारच्या टेबलावरची. मग गल्ल्यापाशी उभ्या असलेल्यांची.

"ठेवा ती खाली," ग्लेनिस म्हणाली. तिचा आवाज आता मऊ नव्हता.

त्याने चकती शेगडीत फेकली. ग्लास उचलला. बिअर थंडगार होती, नेमकी मापात, एका थेंबाने कमी नाही. तो ती न थांबता प्यायला. कुणी त्याला अडवलं नाही. रिकामा ग्लास त्याने दाणकन टेबलावर आपटला आणि उंच पाठीच्या खुर्चीत जाऊन बसला.

गादी गरम होती.

नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी गरम.

त्याने पाय लांब केला. गुडघा दुखला नाही. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच काही दुखलं नाही. एवढं बरं वाटलं, की राग कुठल्या कुठे विरून गेला. त्याला शोधून आठवावं लागलं की आपण कशावर चिडलो होतो.

"आलास का रे बाबा!" विल्फने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "किती वेळ लावलास!"

"पाई गार केलीस की नाही," ऑब्री म्हणाला. "थांब, ग्लेनिस, रेगला दुसरी आण गं. करपलेली बघून आण!"

हास्याची लाट उठली. सगळं पुन्हा सुरू झालं, ग्लासांचा किणकिणाट, काट्यांचा आवाज, गल्ल्यापाशी चालू असलेला फुटबॉलचा वाद.

मी लायोनेल, असं त्याला म्हणायचं होतं. लायोनेल क्रॅब्ट्री. त्याने तोंड उघडलं.

तोंडातून हसू बाहेर पडलं. जाड, मोकळं, छातीतून आलेलं. असं तो आयुष्यात कधी हसला नव्हता. पण टेबलावरच्या दोघांना ते हसू फार ओळखीचं असावं, कारण तेही त्यात सामील झाले.

"एक म्हातारबुवा आले होते आत्ता," विल्फ डोळे पुसत म्हणाला. "बिचारे. कुणावर तरी फार चिडले होते. तुझ्या ओळखीचे होते का?"

नाही म्हणू नकोस, त्याने स्वतःला बजावलं. नाही म्हणू नकोस.

"छे," त्याच्या तोंडाने म्हटलं. "पहिल्यांदाच ऐकतोय."

बाहेरचं दार लागल्याचा आवाज आला. खिडकीचा खालचा अर्धा भाग दुधी काचेचा होता, पण वरच्या साध्या काचेतून रस्ता दिसत होता. फुटपाथवर एक म्हातारा लायोनेलचा कोट घालून उभा होता. कोट त्याला बरोबर बसत होता. तो घाईत नव्हता. एकेक करून त्याने सगळे खिसे चाचपले आणि एक किल्ली बाहेर काढली. ती त्याने उलटीपालटी करून पाहिली. मग तिला बांधलेली चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, तिच्यावरचा लायोनेलच्या घराचा पत्ता ओठ हलवत दोनदा वाचला आणि चढणीला लागला.