खिडकी सहा वाजता मिटते

"एक आवाज ऐकवते. डोळे मिटा," डॉ. लिन म्हणाल्या.

संघमित्रा डोंगरदिवे प्रयोगशाळेतल्या खुर्चीत मागे टेकून बसली. तिच्या मनगटावर नाडीपट्टी होती आणि समोरच्या पडद्यावर आकडा दिसत होता : ९२. परीक्षेच्या धसक्याने गेला महिनाभर तिची नाडी तिथेच अडकली होती.

ध्वनिक्षेपकातून आवाज आला. "मित्रा, जेवली काय व? आन केस वाळवल्याबिगर बाहीर जाऊ नोको. सर्दी होते मंग."

वाशीमहून आलेला तो निरोप संघमित्रानेच सकाळी प्रयोगशाळेला दिला होता. तरीही तिला हसू आलं. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर ७८ होतं.

"चौदा ठोके," डॉ. लिननी नोंद केली. "या कोण?"

"माझी आई. अंगणवाडीत आहे."

"छान. पुढचे एकवीस दिवस हा आवाज तुम्ही ऐकायचा नाही."

चेंगदूमधल्या या विद्यापीठात संघमित्राला जीवभौतिकीच्या संशोधनासाठी जागा मिळाली होती. अट एकच होती : वर्षभराचा चिनी भाषेचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा आणि अंतिम परीक्षेच्या चारही भागांत शंभरपैकी किमान साठ गुण मिळवायचे. वाचन, लेखन आणि श्रवण यांची तिला फार भीती नव्हती. भीती होती ती संभाषणाची. चिनीत एकच अक्षर चार वेगवेगळ्या स्वरांत म्हटलं की त्याचे चार अर्थ होतात, आणि संघमित्राच्या कानाला ते चारही सारखेच वाटत. दोन सराव परीक्षांमध्ये उच्चारमापक यंत्राने तिला ३८ आणि ३६ गुण दिले होते. मेहनत वाढली आणि गुण उतरले. म्हणून ती या प्रयोगात आली होती.

"तुम्ही विज्ञानाच्या विद्यार्थिनी आहात, तेव्हा नीटच सांगते," डॉ. लिन म्हणाल्या. "सहा महिन्यांच्या बाळाला जगातल्या सगळ्या भाषांचे ध्वनी वेगवेगळे ऐकू येतात. वर्षभरात ही क्षमता आटते. जे कानावर पडतं तेवढं मेंदू ठेवतो, बाकीचं छाटतो. त्या काळाला आम्ही संवेदन-खिडकी म्हणतो. आम्ही दिलेल्या औषधाने ती मोठेपणी पुन्हा उघडते, एकवीस दिवसांसाठी."

"मग नुसतं ध्वनिमुद्रण ऐकत बसलं तर?"

"उपयोग नाही. बाळ पडद्याकडून भाषा शिकत नाही, ते माणसाकडून शिकतं. तेही आपल्याला उत्तर देणाऱ्या, आपलं वाटणाऱ्या माणसाकडून. अशा माणसाचा आवाज ऐकला की नाडी उतरते. आता तुमची उतरली तशी. त्या क्षणी मेंदू म्हणतो, हे घ्यायचं."

"म्हणजे दूरध्वनीही चालणार नाही?"

"समोरचं माणूस उत्तर देत असेल तर चालतो. म्हणूनच आईशी बोलायचं नाही. खिडकी मराठीवरच खर्च होईल."

त्यांनी दोन छोटे खडे काढले आणि एक तिच्या कानात बसवला. ती कर्णचाळणी होती. चिनी सोडून दुसरी कोणतीही भाषा कानापर्यंत येऊ द्यायची नाही, एवढंच तिचं काम. आईच्या जागी बोलायला आणि शिकवायला झाओ नावाचे एक पालक-वक्ते नेमलेले होते. त्यांचे उच्चार इतके शुद्ध होते की उच्चारमापक यंत्राची जुळणीच त्यांच्या आवाजावर केली होती.

"आणखी एक नियम," डॉ. लिन म्हणाल्या. "एकवीस दिवस बोलायचं नाही. बाळ आधी ऐकतं. तुम्ही बोललात तर तुमचेच चुकीचे उच्चार तुमच्या कानावर पडतील."

"परीक्षा एकविसाव्या दिवशी आहे. म्हणजे मी थेट तिथेच तोंड उघडायचं?"

"थेट तिथेच. दुपारी दोन वाजता. खिडकी मिटेल संध्याकाळी सहाला."

"आणि छाटणी? या दिवसांत जे ऐकलं नाही ते..."

डॉ. लिननी दुसरा खडा उचलला. "छाटणी खिडकी मिटताना होते. शब्द जाणार नाहीत. मोठ्या माणसाचा शब्दसाठा मेंदूत दुसरीकडे असतो. तुमचं मराठी शाबूत राहील."

आपण शब्दांबद्दल विचारलं नव्हतं, हे संघमित्राच्या लक्षात आलं. पण तोवर दुसऱ्या कानातला खडाही बसला होता.

झाओ सर रोज सहा तास शिकवत. इस्त्रीचा सदरा, सरळ पाठ, प्रत्येक वाक्य तीनदा. ती ऐकत असे आणि मान हलवत असे. ते "आभारी आहे" म्हणून घड्याळाकडे बघून उठत. आपली प्रगती होते आहे की नाही, हे तिला विचारता येत नव्हतं. नाडीपट्टीच्या नोंदी तर डॉ. लिनही पाहू शकत नव्हत्या. संशोधकाचा कल निकालात उतरू नये म्हणून त्या एकविसाव्या दिवसापर्यंत कुलूपबंद होत्या. पट्टीवर फक्त त्या घडीचा आकडा दिसे. संघमित्राने तो बघणं सोडलं, कारण बघितलं की तो वाढत असे.

वसतिगृहाच्या दारात ल्वो मावशी बसत. साठीच्या, ठेंगण्या, मांडीवर लोकरीचं विणकाम आणि शेजारी सूर्यफुलाच्या बियांची पुडी. जानेवारीतलं चेंगदू म्हणजे ओली थंडी आणि दिवसभर न उठणारं धुकं. नवव्या दिवशी सकाळी सात वाजता संघमित्रा न्हाऊन तशीच निघाली होती.

"ए पोरी! डोकं ओलं घेऊन कुठे चाललीस? मरायचंय का?"

ती थबकली. मावशींनी तिला खांद्याला धरून शेगडीजवळ बसवलं आणि स्वतःच्या गळ्यातल्या पंच्याने तिचे केस खसाखसा पुसायला घेतले.

"बोलत का नाहीस? मुकी आहेस? मुकी असलीस तरी भूक लागतेच की. हे घे." हातात गरम शेवयांचा वाडगा आला. तिखट इतकं की वाशीमचा ठेचा बरा. "खा. सांडू नकोस. माझी पोरगीही अशीच होती. चाळीस वर्षांची झाली, अजून केस वाळवत नाही."

संघमित्रा खाता खाता रडली. तिखटाने, असं तिने स्वतःला सांगितलं.

त्यानंतर हे रोजचंच झालं. सकाळी सातला दहा मिनिटं. मावशी बोलत आणि ती नुसती मान हलवून, डोळे मोठे करून, हसून उत्तर देई. बाराव्या दिवशी एक नवल घडलं. मावशी बाजारातल्या कोबीवाल्याला शिव्या देत होत्या आणि संघमित्राला एकाएकी स्वर वेगळे ऐकू आले. एक वर जाणारा, एक खाली आदळणारा, एक मध्येच वळणारा, एक सपाट. मिटलेली मूठ कोणी उघडून दाखवावी तसे. प्रयोग जमला होता! त्या दिवशी तिने झाओ सरांना वाकून नमस्कार केला. ते बावरले.

वाचन, लेखन आणि श्रवण हे भाग अठराव्या आणि एकोणिसाव्या दिवशी झाले, आणि बरे गेले. राहिलं होतं संभाषण.

एकविसाव्या दिवशी दोन वाजता ती तीन परीक्षकांसमोर बसली. टेबलावर उच्चारमापक होता. एकवीस दिवस न वापरलेला स्वतःचा आवाज कसा असेल, हेही तिला आठवेना.

"तुम्ही राहता तिथल्या हिवाळ्यातल्या एका सकाळचं वर्णन करा," मध्ये बसलेल्या बाई म्हणाल्या.

संघमित्राने तोंड उघडलं. शब्द अडखळले नाहीत. धुकं, शेगडी, कोबीचा भाव, ओल्या केसांनी बाहेर पडणाऱ्या बिनडोक पोरी. वाक्यांमागून वाक्यं सुटत गेली. डावीकडच्या तरुण परीक्षकाने ओठ चावला. उजवीकडच्या वृद्ध परीक्षकांनी आधी चष्मा काढला, मग तोंडावर हात धरला, आणि शेवटी त्यांना हसू आवरेना.

"माफ करा," ते डोळे पुसत म्हणाले. "डोळे मिटले तर माझी थोरली बहीण बोलतेय असं वाटतं."

मधल्या बाई हसल्या नाहीत. "तुम्ही जे बोललात त्यात चूक एकही नाही. पण ही चेंगदूच्या गल्लीतली बोली आहे. तिचेही स्वर चारच, पण त्यांचे चढउतार वेगळे. परीक्षा प्रमाण चिनीची आहे."

उच्चारमापकावर ४३ आकडा उमटला.

प्रयोगशाळेत डॉ. लिननी कुलूपबंद नोंदी उघडल्या. भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस मिनिटं कमी होती.

"झाओंसोबत एकशे वीस तास," त्या पुटपुटल्या. "नाडीत उतार शून्य." पुढच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "हे काय? रोज सकाळी सात. पंधरा ठोके, सोळा ठोके. तिथे कोण असतं?"

"वसतिगृहातल्या मावशी," संघमित्रा प्रमाण चिनीत सांगू पाहत होती. बाहेर मात्र गल्लीच आली.

डॉ. लिन खुर्चीत मागे कोसळल्याच. "चाळणीने अडवलं नाही, कारण चाळणीच्या लेखी ती चिनीच. मी बीजिंगची. माझ्या कानाला ही बोली म्हणजे रस्त्यावरचा गलका. मला सुचलंच नाही. आम्ही तुमची आई काढून घेतली, तिच्या जागी एक शिक्षक नेमला, आणि मेंदूने नेमणूक मानली नाही. त्याने स्वतःच माणूस शोधलं."

"मग माझं चिनी?"

"आता हेच. फेरपरीक्षा मार्चमध्ये आहे, तोवर तुमची जागा राहील. प्रमाण उच्चार घोकून शिकावे लागतील. इथली लाखो मुलं शाळेत तेच करतात."

मार्च ऐकून संघमित्राला हायसं वाटायला हवं होतं. पण तिच्या डोक्यात पहिल्या दिवशीचा अर्धवट राहिलेला प्रश्न घुमत होता. "आईचा आवाज लावा," ती म्हणाली. "तोच निरोप."

डॉ. लिननी तिच्या कानांतले खडे काढले आणि निरोप लावला. "मित्रा, जेवली काय व?" प्रत्येक शब्द कळला. बाई वऱ्हाडातली आहे, पन्नाशीची आहे, हेही कळलं. शेजारच्या घरातून ऐकू यावा तसा तो आवाज होता.

पडद्यावर ९८ होतं. निरोप संपला तेव्हा ९७.

"या आवाजाचा आपलेपणा अजून छाटला गेलेला नाही," डॉ. लिन घाईने म्हणाल्या. "नुसता मंदावलाय. बाळं दोन माणसांचे आवाजही ठेवतात, दोन्ही ऐकू येत असतील तर. सहाच्या आत आईशी बोला. ध्वनिमुद्रण नको. बोला!"

आईचा फोन वाजत राहिला आणि बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. वाशीमला सव्वादोन वाजले होते. अंगणवाडी सुटली असेल, फोन पिशवीत असेल, पिशवी खुंटीला असेल. संघमित्रा फोन हातात धरून वसतिगृहापर्यंत धावत आली.

"नापास झालीस?" ल्वो मावशींनी बघताक्षणी विचारलं. "थोबाडावरच लिहिलंय. बस इथे. आधी पाणी पी."

पट्टीवरचा आकडा ८३ वर आला. तिला त्या उताराची भीती वाटली. इतकं सोपं होतं ते.

साडेपाचला फोन वाजला.

"काय व! एकवीस दिवस झाले!" आई म्हणाली. "झाली का परीक्षा?"

"झाली. नापास झाले." मराठी शाबूत होतं. आकडा ९५.

"बरं. मंग काय झालं? बाप दोनदा नापास झालता तुहा, मास्तर झालाच ना? जेवली काय?"

"आई, बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. सहापर्यंत. म्हणजे तुझ्याकडे साडेतीन."

"बोल म्हटलं तं बोलता येते काय व?" आई चाचरली. पाहुण्यांशी बोलावं तसं तिने हवामान सांगितलं, तुरीचं सांगितलं, धाकट्या मामाच्या गाडीचं सांगितलं. संघमित्रा हुंकार देत राहिली. ९६. ९५. ९६. पावणेसहा वाजले.

ल्वो मावशींनी हे बराच वेळ पाहिलं. मग सुया बाजूला ठेवून त्यांनी फोन ओढून घेतला, बोट लागून ध्वनिक्षेपक चालू झाला, आणि त्या डोंगरापलीकडे हाक मारावी तशा ओरडल्या, "तुम्ही हिची आई ना? ही पोरगी ओल्या डोक्याने हिंडते! रोज! मी नसते तर एव्हाना गेली असती!"

"कोन व ते?" आई दचकली. "माह्यापेक्षाही जोरात बोंबलते. काय म्हनते?"

संघमित्राने सांगितलं.

पलीकडे एक श्वास. मग आई सुटली.

"ओल्या केसानं? त्या थंडीत? अवं पोट्टे, जाताना काय सांगतलं होतं मी तुले? टॉवेल कायले देला होता बॅगीत? परक्या बाईले पुसा लागते तुहं डोस्कं? लाज नाई वाटत? चोवीस वर्साची घोडी!"

"आई, वेळ नव्हता..."

"वेळ नोता म्हने! जेवाले वेळ नाई, केसाले वेळ नाई, आन नापास व्हाले वेळ आहे!"

संघमित्राला हसू फुटलं. ते थांबवावं असं तिला वाटलं नाही. ९३. ८९. आई आता तिसरीतल्या टायफॉइडपर्यंत पोचली होती. ८४. इकडे मावशी वाक्यावाक्याला मान डोलवत होत्या, जणू सगळं कळत होतं. पाच वाजून अठ्ठावन्न मिनिटं. आईला धाप लागली, ती थांबली, आणि हळू म्हणाली, "खाल्लं नसन तं खाऊन घे व, माय."

८०.

भिंतीवरच्या घड्याळाने सहाचे ठोके दिले. संघमित्राने पट्टी पाहिली, मग ती सोडून टेबलावर ठेवली.

"काय म्हणते ती?" मावशींनी शेवयांचा वाडगा पुढे सरकवत विचारलं.

"तुम्ही म्हणता तेच," संघमित्रा म्हणाली. चेंगदूच्या गल्लीतल्या चिनीत, एकही चूक न करता.