ऑल्फाचा फॅक्स

डॉक्टर झुहैर ट्युनिशियातल्या सूस शहरातल्या आपल्या दवाखान्यात शिरले तेव्हा फोन वाजतच होता. प्रयोगशाळेतून होता.

"ऑल्फाचा अहवाल गेल्या आठवड्यातच फॅक्स केलाय. उपचार सुरू केलेत ना?"

ऑल्फाच्या मानेतली गाठ कॅन्सरची निघाली होती आणि डॉक्टरांना पत्ताच नव्हता. अहवाल का आला नाही, हे विचारायचंही त्यांनी मनावर घेतलं नव्हतं.

दवाखान्यात फॅक्स ईमेलला जोडलेली फाइल म्हणून येत. ती मेल पुसलेल्या मेलच्या कचऱ्यात सापडली. वर फक्त प्रयोगशाळेचा नंबर होता. बाकी सगळं फाइल उघडल्यावरच दिसे. ईमेलचा पासवर्ड आणखी दोघींकडे होता. डॉक्टरांनी एकेकीला बोलावलं.

"प्रयोगशाळेचा एक फॅक्स सापडत नाही," एवढंच ते प्रत्येकीला म्हणाले.

स्वागतकक्षातली सुंदुस घाबरली. "मी ते उघडत नाही, डॉक्टर. वसीला लल्लांसाठी ठेवते."

"पुसतेस का?"

"जाहिराती पुसते. त्यात गेला असेल. माझंच चुकलं असेल." ती रडायला लागली.

मग जुन्या नर्स वसीला आल्या; सगळे त्यांना मानाने 'लल्ला' म्हणत. येत्या शनिवारी त्यांच्या भाचीचं लग्न होतं. हातात बदामाच्या मिठाईचा डबा होता.

"तुम्ही पाहिलात तो फॅक्स?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. येईल उद्या-परवा. मानेतली गाठ बहुतेक वेळा साधीच असते."

डॉक्टरांनी सुंदुसला आत बोलावलं. "रडू नकोस. तुझं काही चुकलेलं नाही." मग ते वसीलांकडे वळले. "लल्ला, तिथून रक्ताचे, लघवीचे, सगळेच अहवाल येतात. मी फक्त फॅक्स म्हणालो. मानेची गाठ तुम्ही म्हणालात. फाइल उघडल्याशिवाय ते कळत नाही. तुम्ही उघडली, भाचीचं, ऑल्फाचं नाव वाचलं आणि पुसून टाकली."

वसीलांनी डबा टेबलावर ठेवला.

"लग्न हसत होऊ दे म्हटलं. रविवारी मीच सांगणार होते."

"उपचाराविना गेलेले दिवस तिचे होते, लल्ला. अहवालाचं विचारायला हवं होतं मीही. पण फोन तुम्ही लावा."

वसीलांनी नंबर लावला. पलीकडून ऑल्फा मेंदीबद्दल बोलत सुटली. त्यांनी तिला थांबवलं आणि सगळं सांगितलं.



"मावशी, तुला कधी कळलं?"

"आपण तुझा पोशाख आणायला गेलो, त्याच्या आदल्या दिवशी."

ऑल्फाने फोन ठेवला. दुपारी ती दवाखान्यात आली, आईसोबत. वसीलांसमोरून गेली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.