किड्यानं सोडलेला खंड

"अकरा खंड काय हवेत विरले?" फौजदारबाईंनी विचारलं.

"कुणीतरी नेले," ग्रंथपाल म्हणाला. "आणि माझ्याकडे चोरासारखं बघू नका."

"मी सगळ्यांकडे असंच बघते. सवय आहे."

कॉलेजच्या ग्रंथालयात, मागच्या दालनात, दोघं एका रिकाम्या फळीसमोर उभे होते. कॉलेज निघालं तेव्हा घेतलेला जुन्या नकाशांचा बारा खंडांचा संच या फळीवर असायचा. आता तिथे नुसती धूळ होती. फौजदारबाई पोलिसातून निवृत्त झालेल्या. संस्थेनं त्यांना चौकशीला पाठवलं होतं. त्यांना पुस्तकांचं अजिबात प्रेम नव्हतं. हे एक बरंच होतं, कारण ज्यांना होतं त्या सगळ्यांनी ग्रंथपालाला आधीच दोषी ठरवून टाकलं होतं.

माणूस होताच तसा तुसडा. गेल्या सुट्टीत त्यानं कुजलेली, कालबाह्य झालेली, कुणी ढुंकून न बघणारी पुस्तकं काढून रद्दीत घातली. नवी घ्यायची तर जुन्यांनी जागा सोडायला हवी, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण तो ते असं बोलायचा की ऐकणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड व्हावा. "तुम्ही कधी उघडलंत का हे?" असं त्यानं प्राध्यापकांना तोंडावर विचारलं. झालं. ज्यांनी वर्षानुवर्षं ग्रंथालयाची पायरी चढली नव्हती, तेही घरातलं माणूस गेल्यासारखा गळा काढू लागले. त्यात नकाशे गायब झाले आणि सगळ्यांच्या हातात आयतं कोलीत आलं. रद्दीबरोबर यानंच ते विकले म्हणे.

बडतर्फीचं पत्र प्राचार्यांच्या टेबलावर तयार होतं. संध्याकाळी नव्या वाचनकक्षाचं उद्घाटन होतं, त्यानंतर सही व्हायची होती. ग्रंथपाल आवारातल्याच दोन खोल्यांत, अंथरुणाला खिळलेल्या आईबरोबर राहायचा. नोकरी गेली की छप्परही जाणार होतं.

"एक खंड वाचला म्हणे?"

"सातवा. दुरुस्तीला काढला होता."

तो खंड खिडकीपाशी टेबलावर पडला होता, पुठ्ठे सोलून काढलेला. बाईंनी पहिलं पान उलटलं. वरच्या कोपऱ्यात तीन भोकं होती, दोन बारीक आणि एक मोठं. शेवटच्या पानापर्यंत जाताजाता एकच मोठं उरलं होतं.

"हे काय?"

"किडा. पुस्तकं खेटून उभी असली की एकातून दुसऱ्यात घुसतो. संचाला औषध मारू द्या म्हणून प्राचार्यांच्या मागे लागलो होतो. कोण ऐकतंय?"

"पुस्तक तुमचंच, हे ओळखता कसं?"

"शिक्क्यावरून. एक पुठ्ठ्याच्या आत, एक एकेचाळिसाव्या पानावर. दुसरा बाहेरच्या कुणाला ठाऊक नसतो."

"आणि आतल्या?"

"मला, सहायक बाईंना. शिवाय पुस्तकं रद्द करायची समिती असते, तिला. रद्दीत घालण्याआधी दोन्ही शिक्क्यांवर काट मारावी लागते."

"समितीत कोण?"

"मी, प्राचार्य आणि इतिहासाचे विभागप्रमुख. संपलं का? मला काम आहे."

बाईंना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तरी त्या पुढच्या खोलीत गेल्या.

तिथली सहायक ग्रंथपाल त्याला पाण्यात पाहत होती आणि तिनं ते लपवलंही नाही.

"त्यांची खुर्ची तुम्हाला मिळेल?"

"मिळाली तर मी नाही म्हणणार नाही. इतकी वर्षं त्यांची बोलणी खाल्ली आहेत मी."

"रद्दीची पोती बाहेर गेली, ती तुम्ही पाहिलीत?"

"पाहिली ना. व्हरांड्यात चार दिवस पडून होती. ह्यांनी साधी गाडी सांगितली नाही. शेवटी इतिहासाच्या सरांनाच दया आली. त्यांनी आपल्या गाडीतून कागदाच्या कारखान्यापर्यंत पोचवली. असा माणूस हवा."

"पोती कुणी मोजून दिली?"

"मी. पोतीच मोजली. आत काय आहे ते उकरून कोण बघतंय?"

असा तो माणूस, म्हणजे इतिहासाचे विभागप्रमुख, नव्या वाचनकक्षात भेटला. दारावर नावाची पाटी होती आणि तिच्यावर पडदा. सरांचे वडील याच कॉलेजात शिकवायचे. मोलाचा संग्रह दिला तर कक्षाला त्यांचं नाव देऊ, असं संस्थेनं कबूल केलं होतं. पहिल्या रांगेत सरांची म्हातारी आई दुपारपासून येऊन बसली होती. काचेच्या कपाटात नव्या कोऱ्या बांधणीतले बारा खंड झळकत होते. त्याच नकाशांचे.

"हाच संच तुमच्या घरीही होता?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

"वडिलांचा. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी याची पानं उलटली आहेत." सर मंद हसले. "एकानं ग्रंथालय धुऊन नेलं, दुसऱ्यानं भरून दिलं. आता तरी त्या माणसाला शरम वाटावी."

"बांधणी नवी दिसते."

"द्यायचं तर नीटनेटकं द्यावं. सगळे खंड बांधून घेतले."

"सगळे तुमच्या वडिलांचेच?"

"बाराच्या बारा."

सर पाहुण्यांकडे वळले. बाईंनी कपाट उघडलं. सहाव्या खंडाच्या शेवटच्या पानावर तीन भोकं होती, दोन बारीक आणि एक मोठं. सातवा खंड मात्र लख्ख होता. आठव्याच्या पहिल्या पानावर पुन्हा एक मोठं भोक. मग त्यांनी एकेक खंडात चाळिसावं पान काढलं. त्याच्या पुढे थेट त्रेचाळिसावं येत होतं. अकरा खंडांत तसंच. सातव्यात एकेचाळिसावं पान जागेवर होतं, पण त्यावर शिक्का नव्हता.

त्यांनी कपाट लावलं आणि ग्रंथपालाला निरोप पाठवला: टेबलावरचा खंड आणि बांधणीची सुई घेऊन या, आणि कृपा करून तोंड बंद ठेवा.

प्राचार्य पडद्याच्या दोरीला हात घालणार, तेवढ्यात बाई पुढे झाल्या.

"थांबा. कपाटातला चोरीचा माल आधी बाहेर काढू."

प्राचार्यांचा चेहरा उतरला.

"बाई, जपून बोला," सर म्हणाले.

"बोलते. तुमच्या सहाव्या खंडात किडा आहे, आठव्यात आहे, सातव्यात नाही. फळीवरचा किडा मधला खंड ओलांडून पुढे जात नाही."

"वडिलांच्या कपाटात खंड उलटसुलट लागले असतील."

"असतील. म्हणून हा बघा ग्रंथालयाचा सातवा." त्यांनी ग्रंथपालाच्या हातातून खंड घेऊन टेबलावर ठेवला, त्याच्या पहिल्या पानावर कपाटातल्या सहाव्याचं शेवटचं पान पसरलं आणि भोकात सुई घातली. सुई दोन्ही पानांतून खाली उतरली. एकदा, दोनदा, तीनदा. मग सातव्याच्या शेवटच्या पानाला आठव्याचं पहिलं लावलं. तिथेही उतरली. "हे वर्षानुवर्षं एकमेकांना खेटून उभे होते. याच इमारतीत."

"मग यानंच विकले असतील आणि फिरून माझ्याकडे आले."

"आत्ताच तर मांडीवर बसून पानं उलटली होती तुम्ही."

कुणीतरी हसलं.

"आणि पुठ्ठ्यातला शिक्का नव्या बांधणीत गेला. पण ज्यानं दुसरा काढला, त्याला छुपं पान ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "अकरा खंडांत एकेचाळिसावं पान कापलंय. सातव्यात नाही, कारण तो ग्रंथालयाचा नव्हताच. त्यावर शिक्काच नव्हता. ते पान चौघांना माहीत होतं. चौघांतल्या एकाच्याच गाडीतून पोती गेली. पोती व्हरांड्यात असताना तुम्ही नकाशे त्यांत सरकवलेत. घरी नेल्यावर कळलं की सातवा नाही, तेव्हा तो बाहेरून मिळवलात. आणि ओरड होईल तेव्हा बळी कोण द्यायचा, हेही ठरलेलं होतं. कारण त्याच्या बाजूनं बोलणारं इथे कुणी नव्हतं."

सर पहिल्या रांगेकडे वळले. "आई, सांग ना यांना. बाबांचे नकाशे होते ना आपल्याकडे?"

म्हातारीनं मान वर केली.

"नकाशे कधी होते रे? त्यांची सगळी पुस्तकं तू माळ्यावर कोंबलीस. वाळवी लागली. मातीची ढेकळं झाली होती, मीच भरून टाकली." तिनं काचेच्या कपाटाकडे पाहिलं. "मला वाटलं, तू नवी विकत घेतलीस. त्यांच्यासाठी."

पडद्याची दोरी तशीच लोंबत राहिली.

प्राचार्य ग्रंथपालाजवळ आले. "ते पत्र मी फाडून टाकतो. झालं गेलं विसरून जा."

"विसरत नाही," ग्रंथपाल म्हणाला. "औषधाचं आज मंजूर करा."

त्यानं ढकलगाडी आणली आणि एकेक खंड उचलून, फुंकर मारून तीत ठेवला. सहाव्यानंतर टेबलावरचा फाटका सातवा, मग आठवा. कपाटात एकच खंड उरला, लख्ख, किडीनं न शिवलेला. तो त्यानं काढला आणि सरळ जाऊन सरांच्या हातात दिला.

"हा घ्या. हा आमचा नाही."