नावाड्याची पिशवी

"ह्यांना झोका कशाला देताय?"

मागून आवाज आला तशी तंत्रज्ञ असलेली ती दचकली. रक्तपेढीच्या त्या उबदार खोलीत प्लेटलेट्सच्या मधाळ रंगाच्या पिशव्या यंत्राच्या हलत्या तबकावर संथ डुलत होत्या. दारात नदीवरचा नावाडी उभा होता, दंडावर कापूस दाबून. प्लेटलेट्स देऊन निघताना वाट चुकला होता.

"स्थिर ठेवल्या तर एकमेकींना चिकटतात."

"मग चिकटू द्या की... एवढं काय वाईट आहे त्यात?"

तिने हसू दाबलं, पण कान गरम झाले.

प्लेटलेट्सना ऊब लागते, आणि ऊब जंतूंनाही आवडते. म्हणून प्रत्येक पिशवीतला नमुना ती तपासणी यंत्रात ठेवी; जंतू वाढले की यंत्राचा दिवा पेटे. दोन दिवसांनी दिवा पेटला – नेमका त्याच्याच नमुन्यावर! पिशवी तोवर एका आजारी मुलीसाठी वॉर्डाकडे निघाली होती. ती जिन्यावरून धावत सुटली आणि परिचारिकेच्या हातातून तिने पिशवी अक्षरशः हिसकावून घेतली.

फोन करताच तो आला. चेहरा पार उतरलेला.

"कुणाला काही झालं...?"

"नाही. वेळेत सापडली."

तो बाकावर बसला. ती हळूच शेजारी टेकली.

"हे जंतू तोंडातले असतात. दात दुखतोय का?"

"थोडासा..." तो खिडकीबाहेर बघू लागला. "दंतवैद्याला घाबरतो हो मी. हसू नका."

"भर पुरात नाव घालणारा माणूस?"

"नदी माझ्या तोंडात हात घालत नाही!"

ती खळखळून हसली. रविवारी ती त्याच्यासोबत दंतवैद्याकडे गेली, बाहेर थांबली. तो गाल सुजवून आला. बोलता येईना, म्हणून नुसता बघत राहिला. त्या बघण्याने तिचा पुढचा आठवडा तरंगत गेला.

पूर्ण बरा झाल्यावर त्याने पुन्हा प्लेटलेट्स दिल्या. या वेळी दिवा पेटलाच नाही.

फोनवर सांगता आलं असतं. पण संध्याकाळी तिची पावलं धक्क्याकडे वळली. पाणी केशरी झालं होतं. तो शेवटच्या फेरीची तयारी करत होता.

"पिशवी स्वच्छ निघाली," ती म्हणाली. "त्या मुलीलाच दिली."

त्याने डोळे मिटून श्वास सोडला. मग हात पुढे केला. ती नावेत बसली.

"पलीकडे काही काम आहे?"

"नाही."

"मग?"

"तुमच्याबरोबर... परत यायचंय."

वल्ही नावेत तशीच पडून राहिली. त्याने तिचा हात मात्र सोडला नाही.

"सावकाश नेऊ?"

"अगदी सावकाश."