एकाच रिंगेला कट

"माझे वडील वारले, त्याला सव्वा महिना झाला," समोरची बाई म्हणाली. "पण त्यांचा फोन अजून वाजतो. आणि माझा कॉल कुणीतरी कट करतं."

तुळसा वाघमोडेंनी चष्मा वर सरकवला. बारामतीच्या एसटी स्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. पोलिसातली नोकरी त्यांनी सोडली होती, कारण साहेबांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणं त्यांना जमेना. जोडीला भानुदासराव, निवृत्त हवालदार. माणूस सोन्यासारखा. फक्त डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागायचा, आणि पडला की नको त्या वेळी पडायचा.

बाईचं नाव श्रेया. मांडीवर चार महिन्यांची मुलगी झोपलेली.

"माहेर कळंबला. मी बुद्धघोषशी लग्न केलं, तो इथे कॉलेजात शिकवतो. आम्ही मराठा, ते बौद्ध. पुढचं तुम्हाला सांगायला नको."

"नको," तुळसाताई म्हणाल्या. "फोनचं सांगा."

"लग्नानंतर रोज दिवेलागणीला मी आबांना फोन लावायचे. पहिले काही महिने पूर्ण वाजायचा, ते उचलायचे नाहीत. मग गेल्या वर्षी कट व्हायला लागला. एक रिंग, की कट. मी तरी सोडलं नाही. हिच्या वेळी दवाखान्यात होते, तेवढेच दिवस चुकले. पुढे आबा गेले. मला तेराव्यानंतर कळवलं."

"आणि तुम्ही अजून लावता?"

"रोज. बोट आपोआप जातं. वाटलं होतं, आता बंद लागेल. पण वाजतो. आत्ता कट करतंय कोण, ते शोधा. म्हणजे आधीही तेच होतं की आबा, ते कळेल. आबा माझा राग धरून गेले का, एवढंच मला कळू द्या."

भानुदासरावांनी तिचा मोबाईल घेतला. ब्लॉकची यादी पाहिली, 'डू नॉट डिस्टर्ब' पाहिलं, कॉल फॉरवर्डिंग पाहिलं. काहीच सापडेना तेव्हा त्यांनी फोन बंद करून चालू केला. या उपायावर त्यांचा देवाइतकाच विश्वास होता.

"तिकडनं हिचा नंबर ब्लॉक केला असणार," ते म्हणाले.

तुळसाताईंनी स्वतःच्या फोनवरून तो नंबर लावला. एक रिंग. कट. भानुदासरावांच्या फोनवरून लावला. एक रिंग. कट.

"आपले नंबर कोण कशाला ब्लॉक करील?"

"मग हिचा भाऊबिऊ कुणी असेल, तो बसून कट करतोय."

"माणूस कट करतो तेव्हा कधी हात ओले असतात, कधी फोन दुसऱ्या खोलीत असतो. इथे पहिली रिंग संपत नाही तोच कट, दर वेळी. इतका तत्पर माणूस मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. गाडी काढा."

कळंबला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. श्रेया मुलीला घेऊन गाडीतच बसली. त्या घराचा उंबरा तिला बंद होता.

तिचा भाऊ अविराज लोणी देवकरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून नुकताच आला होता. पाहुण्यांचं काम कळताच त्याचा चेहरा उतरला.

"आबांचा फोन कपाटात पडलाय. बघा की."

त्याच्या बायकोने, सोनमने, बटनांचा जुना फोन आणून दिला. तुळसाताईंनी मागचं झाकण काढलं, बॅटरी उचलली. खाली सिमची जागा रिकामी होती.

"सिम कुठंय?"

"आमाला काय ठावं," अविराज म्हणाला. "वरीसभर त्यांनी फोन हातात धरला न्हाय."

"शेवटी श्रेयाबद्दल काही बोलले?"

"नावबी न्हाय काढलं." अविराजच्या आवाजात समाधान होतं, आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही. "दवाखान्यात तीन दिस एकच घोर. 'मोटर चालू झाली का रं?' म्या सांगायचो, बंद हाय आबा, निवांत पडा. जीव रानात व्हता त्यांचा. लेकीत न्हवता."

सोनम दाराआडून हळूच म्हणाली, "त्या मोटरीचं बी जरा बघा की बाई. रोज दिवं लावायच्या टायमाला आपसूक चालू व्हती. आबा दवाखान्यात व्हते तवाबी व्हायची. म्या पळत जाऊन बंद करती. लोक म्हणत्यात, म्हाताऱ्याचा जीव अडकलाय."

"काय जीव न्हाय अन् फीव न्हाय," अविराज खेकसला. "ऑटो बिघडलाय. आबांनीच गेल्या साली बसवून घेतलावता."

"ऑटो म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप चालू करतो, तोच ना?" तुळसाताईंनी विचारलं. "तुमच्याकडे लाइट कधी येते?"

"दुपारच्याला."

"मग मोटर दुपारी का नाही चालू होत?"

अविराजने खांदे उडवले.

विहिरीवर शेजारचे रावजी भेटले. आबांच्या, म्हणजे दत्तोबांच्या वयाचे, बोलायला मोकळे.

"लेकीशी का बोलत न्हवता? शपथ घेतलीवती, माझ्याम्होरं. पोरगा अडून बसला, ती न्हायतर मी. दत्तोबानं भावकीसमोर बेलभंडार उचलला. लेकीच्या दारात जाणार न्हाय, तिचा फोन कानाला लावणार न्हाय. शब्दाचा पक्का माणूस."

"पुढे?"

"पुढं काय, येडा झाला. रोज सांजंला हितं यून बसायचा. मोटर सुरू झाली की जरा येळ ऐकायचा, मग आपल्या हातानं बंद करायचा. उसाला पाणी नको असलं तरी तेच. पाणी माझ्या रानात शिरायचं, म्या शिव्या द्यायचो, तर हसायचा. मधी थोडं दिस मोटर सुरूच झाली न्हाय. गड्यानं जेवण सोडलं! म्हनलं, मेकॅनिक बोलावू. तर म्हनतो कसा, मोटर चांगली हाय. मग एका सांजंला सुरू झाली, तर दुसऱ्या दिशी अख्ख्या वस्तीला पेढं वाटलं. मोटरीचं पेढं, बोला आता!"

"फोनला रिचार्ज मारायचे का?"

"फोन वापरत न्हवता, अन् रिचार्ज मातर वर्साचा मारलेला. म्हनलं ना, येडा."

भानुदासराव स्टार्टरच्या पेटीकडे पाहत होते. पेटीवर बोटाएवढी काळी काडी उभी होती. "ही काडी कसली?" त्यांनी विचारलं. तुळसाताई म्हणाल्या, "श्रेयाला इथे घेऊन या. अविराज आणि सोनमलाही बोलवा."

दिवेलागण झाली. बहीणभाऊ विहिरीच्या दोन बाजूंना उभे राहिले, एकमेकांकडे न बघता.

"श्रेया, आबांना फोन लावा."

तिने लावला आणि स्पीकर चालू केला. एक रिंग. कट.

पेटीत खट्ट असा आवाज झाला. मोटर घरघरली आणि पाइपातून पाणी धो धो कोसळलं. सोनमने तोंडावर पदर धरला.

"भूत नाही," तुळसाताई म्हणाल्या. "हा साधा ऑटो नाही, मोबाईलवर चालणारा आहे. ती काडी त्याची अँटेना. आत सिम असतं. कुठलाही फोन आला की यंत्र एका रिंगेत कट करतं. पण नोंदवलेल्या नंबरावरून आला असेल, तर मोटर चालू करतं. दुपारी मी आणि भानुदासरावांनी फोन केले, तेव्हा मोटर चालू झाली नाही, कारण आमचे नंबर त्यात नाहीत. श्रेयाचा आहे."

"माझा कुणी घातला?"

"ज्याने आपल्या फोनमधलं सिम काढून या पेटीत बसवलं, त्याने. शपथ होती फोन कानाला लावायचा नाही अशी. त्यांनी ती पाळली. तुमचा फोन त्यांनी मोटरीला उचलायला लावला. ऊस तहानलेला असो नसो, ते इथे बसून लेक सुखरूप आहे एवढं ऐकायचे. बाळंतपणात तुमचे फोन थांबले, तेव्हा त्यांचं जेवण सुटलं. पुन्हा सुरू झाले, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. मुलगी झाली हे त्यांना माहीतही नव्हतं."

श्रेया पाण्याकडे पाहत राहिली. तिचा चेहरा क्षणभर उजळला, आणि मग तिला राग आला. असा राग तुळसाताईंनी पुष्कळ आरोपींच्या आयांच्या चेहऱ्यावर पाहिला होता.

"म्हणजे त्यांना रोज कळत होतं मी आहे ते. आणि मला काय ऐकू येत होतं? कट. वर्षभर मी उशीत तोंड खुपसून रडले, आणि आबा इथे बसून हसत होते. एक शब्द बोलले असते तर देव कोपला असता का, ताई?"

"ते रागावलेले नव्हते," तुळसाताई म्हणाल्या. "तुम्ही विचारलं होतं तेवढं खरं आहे. चला आता, बाळाला गार लागेल."

त्या निघायची घाई करत होत्या. का, ते भानुदासरावांना कळलं नाही. त्यांच्या डोक्यात नुकताच प्रकाश पडला होता.

"पण ताई, मग दवाखान्यात ते विचारत होते मोटर चालू झाली का, म्हणजे तर... आणि अविराजने सांगितलं..."

तुळसाताईंनी त्यांचा दंड घट्ट धरला. फार उशीर झाला होता.

"काय सांगितलं?" श्रेयाने विचारलं.

अविराज खाली बसला.

"बंद हाय म्हनलो," तो म्हणाला. "तिन्ही दिस. त्यांना बरं वाटावं म्हनून."

"मी तिन्ही दिवस फोन केला होता, दादा."

"व्हय. सोनम रोज यून बंद करीत व्हती." त्याने वर पाहिलं नाही. "शेवटच्या दिशी त्यांनी इचारलंच न्हाय. तोंड भिंतीकडं करून पडलं. मला वाटलं, झोपलं."

श्रेयाने मुलीला छातीशी धरलं आणि ती बांधावरून गाडीकडे चालू लागली. तिला हाक मारायचं धाडस कुणाला झालं नाही, आणि मोटर बंद करायला कुणी पुढे झालं नाही. पाण्याने सऱ्या भरल्या, बांध फुटला आणि पाणी रावजींच्या रानात शिरलं. रावजींनी त्या दिवशी शिवी दिली नाही.